गायरानातल्या पांढऱ्या छत्र्या: खायच्या का नाही? (आणि सात्या ओळखायच्या कशा)

बरडमाळ | रविवार, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी,

आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले, बालाघाटाच्या माथ्यावर राहतो. यंदा तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, कोरडाच गेला. म्हाताऱ्या पावसानं, म्हणजे पुष्यानं, मात्र बुधवारी झड लावली ती काल रात्री उघडली. सकाळी शेळ्या घेऊन गेलेली लेकरं पळतच माघारी आली, म्हणाली गायरानात भाकरीएवढाल्या छत्र्या उगवल्यात. जाऊन बघितलं तर खरंच. गवतात गोल रिंगण धरून बारा-तेरा छत्र्या. काही लिंबाएवढ्या, मिटलेल्या, काही पार उमलून सपाट झालेल्या.

लेकरांनी टोपलंभर घरी आणल्यासुद्धा. माझ्या सासूबाईंचं माहेर हिमायतनगरकडचं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं सात्या मनतेत ह्याला. लहानपणी लई खाल्ल्या. मटणाला मागं सारील असं कालवण होतंय." लग्न होऊन इकडं आल्यापासून चाळीस वर्षांत त्यांनी त्या खाल्लेल्या नाहीत. छत्री हातात घेऊन बघताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. तरी अजून चुलीवर काही चढवू दिलेलं नाही. आमच्या गावात हिला सगळे कुत्र्याची छत्री म्हणतात आणि कुणी हात लावत नाही.

फोटो जोडलेत. डोळ्यांना दिसतंय तेही लिहिते. टोपी पांढरी, मधोमध तपकिरी चकती, तिच्याभोवती तपकिरी खवले. खवले नखानं सहज निघतात. खालचे पापुद्रे पांढरे. दांडी पांढरी, गुळगुळीत, बोटाएवढी जाड, आणि तिच्यावर एक कडं आहे. ते कडं पैंजणासारखं वर-खाली सरकतं! वास चांगला आहे, ओल्या मातीसारखा.

दुपारच्या जेवणाआधी कुणी सांगितलं तर उपकार होतील.

पाटलाचा_मळा | रविवार, सकाळी ८.४५

ताई, काळजी करू नका. आमच्या आजीची रीत सांगतो. छत्र्या शिजवताना पातेल्यात चार लसणाच्या पाकळ्या आणि चांदीचा रुपया टाकायचा. रुपया काळा पडला नाही आणि लसूण पांढरा राहिला तर बिनधास्त खायच्या. शिवाय छत्रीला अळ्या किंवा गोगलगाय लागली असेल तर ती हमखास चांगली, कारण जनावराला कळतं. आमच्या घरात दोन पिढ्या असंच चाललंय.

सात्यांची_वाट | रविवार, सकाळी ९.०२

बरडमाळताई, चुलीवर चढवलं नाही हे फार चांगलं केलंत. अजून तासभर थांबा आणि मला एवढं बघून सांगा. उगवल्या त्या जागी वारूळ आहे का? नसेल तर जवळचं वारूळ किती अंतरावर आहे? दुसरं, राहिलेल्यांपैकी एक छत्री ओढून काढू नका. खुरप्यानं चारी बाजूंची माती मोकळी करा आणि अख्खी वर घ्या, दांडीचं बूड तुटू देऊ नका. आणि सगळ्यांत जुनी, पार उमललेली छत्री पालथी करून पापुद्र्यांचा रंग उन्हात बघा.

पाटीलदादा, तुमच्या रुपयाबद्दल बोलूच, पण ताईंचं आधी.

बरडमाळ | रविवार, सकाळी १०.०५

जाऊन आले. खुरप्यानं उकरलं. दांडी जेमतेम चार बोटं मातीत गेली आणि संपली. बूड कांद्यासारखं थोडं फुगीर आहे. त्याला पिशवी वगैरे काही नाही, नुसते पांढरे बारीक धागे गवताच्या मुळ्यांत अडकलेत. वारूळ आहे ते बांधाच्या पलीकडं, दीडशे पावलं तरी असेल. रिंगणात कुठंच नाही.

पापुद्रे सगळ्यांचे पांढरे आहेत. कडेला एक म्हातारी छत्री आडवी पडली होती, तिच्या पापुद्र्यांवर मात्र राखाडी-हिरवट झाक आहे. मला वाटलं पावसानं शेवाळ धरलं असेल.

सात्यांची_वाट | रविवार, सकाळी ११.२०

ताई, ते शेवाळ नाही. टोपलं बाजूला ठेवा, लेकरांच्या हाताला येणार नाही असं. आता सविस्तर लिहितो, कारण ही चूक दर पावसाळ्यात कुठं ना कुठं होते आणि ती फार प्रेमानं केलेली चूक असते.

मी किनवटचा. माझ्या आजीनं मला सात्या दाखवल्या तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. जंगलाच्या कडेला तिची ठरलेली चार-पाच वारुळं होती. दरवर्षी जोराचा पाऊस पडून ऊन पडलं की ती तिथंच जायची, दुसरीकडं शोधत हिंडायची नाही. माझं लक्ष छत्रीकडं असायचं, पांढरी, टपोरी. आजी छत्रीकडं फार बघायचीच नाही. ती टोकदार काठीनं दांडीच्या कडेकडेनं माती उकरायची आणि दांडी जमिनीत कुठं जाते ते बघायची. वीतभर खाली, कधी हातभर. मुळासारखी निमुळती होत होत ती दांडी वारुळाच्या पोटात शिरलेली दिसली की मगच तोडायची.

एकदा मी उत्साहानं वारुळापासून पाच-सहा हातांवरची एक छत्री उपटून आणली आणि शिप्तरात, म्हणजे टोपलीत, टाकली. आजीनं ती उचलून विचारलं, "हिचं मूळ कुठाय?" मला सांगता आलं नाही. तिनं अख्खं शिप्तर उकिरड्यावर पालथं केलं. सकाळभर गोळा केलेल्या दोन शेर सात्या! मी रडलो. ती म्हणाली, एकीचा तुकडा मोडून दुसरीत मिसळला असंल तर आता कसं वळखायचं? त्या दिवशी घरात आंबाडीची भाजी झाली. आजही सात्या हातात आल्या की मला तो प्रश्न ऐकू येतो.

मोठेपणी कळलं की आजीच्या त्या रीतीमागं पक्कं शास्त्र आहे. सात्या म्हणजे टर्मिटोमायसिस कुळातली अळिंबी. वाळवी, म्हणजे आपली उधई, वारुळाच्या आत शेती करते. कामकरी वाळव्या वाळका पाला, काटक्या खातात आणि त्यांच्या विष्ठेतून मधाच्या पोळ्यासारखी स्पंजासारखी घडण रचतात. त्यावर ही बुरशी वाढते. वाळवीला जे लाकूड धड पचत नाही ते बुरशी कुजवून मऊ करते, आणि त्या बुरशीच्या पांढऱ्या गाठी वाळवी खाते. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही. पावसाळ्यात वारूळ ओलं झालं की बुरशी त्या पोळ्यापासून कोंब वर पाठवते, कडक मातीतून भोक पाडत. म्हणून सातीची टोपी मधोमध टोकदार असते, पहारीच्या टोकासारखी, आणि म्हणूनच तिला एवढं लांब मूळ असतं. हे कुळ जगभर फक्त वाळवीच्या आधारानं वाढतं. माणसाला अजून त्याची व्यापारी लागवड जमलेली नाही, आणि त्यामुळंच बाजारात सात्यांना मटणासारखा भाव मिळतो.

आता तुमची छत्री. मूळ नाही, वारूळ नाही, टोपीला टोक नाही, गवतात रिंगण, नखानं निघणारे तपकिरी खवले, सरकतं कडं, आणि जुनी झाल्यावर हिरवट पापुद्रे. हे सगळं वर्णन क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ह्या छत्रीला लागू पडतं. ती विषारी आहे. गवताळ माळ, गायरान, शाळेचं मैदान, शहरातली बाग, कुठंही पावसानंतर येते, आणि दिसायला अशी देखणी असते की हात आपोआप जातो. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेशुभ्र असतात. हिरवेपणा उशिरा येतो, म्हणून कोवळ्या छत्र्या निवडून घेणारा माणूसच जास्त फसतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो, नुसत्या कड्यावरून निवाडा करू नका. काही जातींच्या सात्यांनाही कडं असतं.

खात्री करायची सोपी रीत आहे. एक बऱ्यापैकी उमललेली छत्री घ्या, दांडी टोपीलगत कापा. पांढरा कागद आणि काळा कागद शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींवर अर्धी अर्धी येईल अशी टोपी पापुद्रे खाली करून ठेवा. वर काचेची वाटी किंवा पातेली पालथी घाला म्हणजे वारा लागणार नाही. रात्रभर राहू द्या. पापुद्र्यांतून बुरशीचं बी, म्हणजे बीजाणू, खाली झडतं आणि कागदावर ठसा उमटतो. सातीचा ठसा फिकट गुलाबी येतो. तुमचा हिरवट आला तर शंका उरणार नाही.

पाटलाचा_मळा | रविवार, दुपारी १२.१५

वाट भाऊ, माहिती चांगली आहे, मान्य. पण आमची आजी अडाणी नव्हती. तिच्या रीतीनं आम्हाला कधी काही झालं नाही. मग ती रीत खोटी कशी?

धिंगरीवाला | रविवार, दुपारी १२.५०

पाटीलदादा, आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अळिंबीचं प्रशिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं सोयाबीनच्या गुळीवर धिंगरी, म्हणजे लागवडीची अळिंबी, घेतो. हा रुपयाचा प्रश्न मला दर आठवडी बाजारात कुणी ना कुणी विचारतंच.

चांदी काळी पडते ती गंधकानं. उकडलेल्या अंड्याला चांदीचा चमचा लावून ठेवा, तोही काळा पडेल, आणि अंडं काही विषारी नसतं. लसणात तर स्वतःचाच गंधक असतो. छत्र्या न टाकता नुसता लसूण आणि रुपया उकळून बघा. उलट सगळ्यांत जहरी छत्र्यांमधलं विष चांदीला काहीच करत नाही, रुपया चकचकीत राहतो. हळद, तांदूळ, लिंबू ह्यांच्या परीक्षाही तशाच. अळ्यांचं आणि गोगलगायीचं म्हणाल तर माणसाला मारणारी अमानिटाची छत्री त्या सुखानं खातात. त्यांचं शरीर वेगळं, आपलं वेगळं.

मग आजीला कधी काही का झालं नाही? माझा अंदाज असा की आजीला छत्र्या आधीच ओळखता येत होत्या. ठरलेल्या जागेवरच्याच ती आणायची. रुपया नंतर पडायचा. तुमच्या घराला तिच्या नजरेनं वाचवलं. नजर तिच्याबरोबर गेली आणि रुपया तेवढा मागं राहिला, धोका तिथं आहे.

पाटलाचा_मळा | रविवार, दुपारी १.३०

हे पटलं. आजी खरंच एका वडाखालच्या वारुळावरूनच आणायची, मला आत्ता आठवलं. आम्ही मात्र आता कुठूनही आणतो. घरी सांगतो.

रात्रपाळी | रविवार, दुपारी ३.४०

मी परिचारिका आहे, एका ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं काढली. नाव, गाव सांगत नाही.

श्रावणात एका रात्री साडेनऊला एकाच घरातले पाच जण रिक्षातून आले. सालगड्याचं कुटुंब. सातला जेवले, कालवण छत्र्यांचं. आठ वाजल्यापासून उलट्या, जुलाब, पोटात असा मुरडा की बारा वर्षांची पोर गुडघे छातीशी घेऊन किंचाळत होती. सुई लावायला तिची शीर सापडेना, इतकं अंगातलं पाणी गेलं होतं. रात्रभर सलाईन चालू होतं. तिसऱ्या दिवशी सगळे पायांवर घरी गेले. वर्णन विचारलं तर "पांढरी, वर तपकिरी ठिपके, गवतातली". आज ताईंचा फोटो बघून अंगावर काटा आला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. उलट्या तास-दोन तासांत सुरू झाल्या तर बहुतेक वेळा त्रास पोटाचा असतो, आणि वेळेत सलाईन मिळालं तर माणूस निभावतो. सहा तासांनी, दहा तासांनी, रात्री जेवून पहाटे सुरू झाल्या, तर ती फार वाईट खूण आहे. अमानिटातलं आणि काही बारक्या छत्र्यांतलं विष असं उशिरा चढतं. ते यकृताच्या पेशींना नवी प्रथिनं बनवू देत नाही. दिवसभर उलट्या-जुलाब होतात, मग थांबतात. माणूस उठून बसतो, चहा मागतो, नातेवाईक म्हणतात बरं वाटतंय, घरी नेतो. आतून यकृत जळत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे पडतात आणि मग मोठ्या रुग्णालयातही हाताशी फार थोडं उरतं. हे विष शिजवून, उकळून, वाळवून जात नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये आसामात रानातल्या छत्र्या खाऊन १३ माणसं दगावली, त्यांतली बरीच चहामळ्यांतली गरीब माणसं.

म्हणून हात जोडून सांगते, छत्र्या खाऊन त्रास झाला तर बरं वाटण्याची वाट बघू नका. मीठ-पाणी पाजून मुद्दाम उलटी काढू नका, ताक-तूप देत बसू नका. १०८ला फोन करा आणि थेट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा. ज्यांनी खाल्लंय पण अजून त्रास नाही त्यांनाही सोबत न्या. उरलेलं कालवण, चिरताना पडलेले तुकडे, उकिरड्यावरची देठं, जे मिळेल ते कागदी पुडीत बांधून न्या. त्या रात्री त्या घरच्या आजीनं घाबरून पातेलं घासून टाकलं होतं. आम्हाला सकाळपर्यंत कळत नव्हतं की हे साधं आहे का पुढचं वाढून ठेवलंय.

आणखी एक. एकाच पातेल्यात दोन जातींच्या छत्र्या असू शकतात. लवकर उलटी झाली म्हणून दुसरं विष नाहीच असं धरू नका.

बरडमाळ | रविवार, दुपारी ४.०५

ताई, वाचून हात थरथरले. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या गप्पच झाल्या. टोपी कागदावर ठेवलीय, वर काचेची वाटी. मोठ्या लेकानं शाळेच्या वहीतला काळा कागद दिला.

मांडवीकाठ | रविवार, सायंकाळी ५.३०

गोव्याहून. आमच्याकडे वारुळाला रोण म्हणतात आणि त्यावरच्या अळिंबीला रोण ओळमी. पावसात रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला येते. तुमच्या सात्या आणि आमची रोण ओळमी एकाच कुळातली. वाईट एवढंच की लोक कळ्या उमलायच्या आधीच वारूळ खणून काढतात. वारूळ फोडलं की पुढच्या वर्षी तिथं काही नाही.

सात्यांची_वाट | रविवार, सायंकाळी ६.१०

मांडवीकाठ, अगदी हेच दुखणं इकडंही. त्यात आमच्याकडं भर म्हणजे वाळवी पिकाला लागते म्हणून शेतकरी वारुळात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक ओततो. एका दुपारी वारूळ मरतं आणि त्याच्याबरोबर कित्येक वर्षांच्या सात्या. उभ्या पिकाला उधई लागली तर उपाय करावाच लागतो, ते मला कळतं, माझीही शेती आहे. पण बांधावरचं, माळावरचं वारूळ कुणाचं काय खातं? वाळका पाला.

आणि औषध ओतलेल्या वारुळावर चुकून सात्या आल्याच तर तोडू नका. तणनाशक मारलेल्या सोयाबीनच्या धुऱ्यावरच्याही नकोत. छत्री मातीतलं बरंवाईट शोषून घेते. अभयारण्याच्या हद्दीत खणाखणी करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

कडबा_गंजी | रविवार, रात्री ८.२०

मधेच विचारतो, माफ करा. फोटो काढून ओळख सांगणारं अॅप मोबाईलमध्ये आहे. मी ताईंचा फोटो टाकला तर त्यानं खाण्याजोगी म्हणून दुसरंच नाव दिलं! मग विश्वास कशावर ठेवायचा? आणि आमच्या माळावर पावसानंतर पांढरे गोल गोळे येतात, छत्रीच नसते त्यांना, टेबल टेनिसच्या चेंडूएवढे. ते खातात का?

धिंगरीवाला | रविवार, रात्री ९.००

अॅपला फक्त वरून दिसणारी टोपी कळते. मूळ, बुडाची पिशवी, ठसा, ह्यांतलं काही फोटोत येत नाही. नाव शोधायला धागा म्हणून वापरा, जेवायला बसायला नको.

गोळ्यांचं: वरून खालपर्यंत मधोमध उभा काप द्या. आत कडेपासून कडेपर्यंत पनीरसारखं एकसारखं पांढरं असेल तर तो पफबॉल, कोवळेपणी खाण्याजोगा. आत पिवळट, जांभळट किंवा काळं दिसलं, साल जाड असली, तर सोडा. आणि कापात इवल्या छत्रीची आकृती दिसली, टोपी, दांडी, पापुद्रे, सगळं मिटलेलं, तर तो गोळा नव्हेच, ती पिशवीतली कळी आहे. अमानिटा कोवळेपणी अशीच अंड्यासारखी दिसते. आडवा काप दिलात तर हे दिसणार नाही.

पिशवीवरून आठवलं. पेंढ्याच्या ढिगावर येणारी एक अळिंबी चांगली खाण्याजोगी आहे, आशियात तिची मोठी लागवड होते, आणि तिच्याही बुडाला पिशवी असते. तिचा ठसा गुलाबी, अमानिटाचा पांढरा. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथली मरणटोपी, म्हणजे अमानिटाचीच एक जात, ही आपली गावाकडची ओळखीची समजून खाल्ली आणि जीव गमावले. ज्या मातीत शिकलो तिथली नजर दुसऱ्या मातीत फसते. बरडमाळताईंच्या सासूबाईंचं आज तेच झालं. त्यांची आठवण खोटी नाही. हिमायतनगरला त्यांनी वारुळावरच्या खाल्ल्या, इथं गवतातल्या मिळाल्या.

नवीन माणसानं पिशवीवाली कुठलीच घेऊ नये, एवढं सांगतो. आणि ओढून उपटलं तर पिशवी मातीतच राहते. दिसलीच नाही म्हणून नाही, असं होतं.

बरडमाळ | सोमवार, सकाळी ६.५०

आत्ता वाटी उचलली.

पांढऱ्या कागदावर हिरवा ठसा आहे. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यावर धूळ बसावी तसा मळकट हिरवा. पापुद्र्यांच्या रेघा अशा आल्यात की जशा सायकलच्या चाकाच्या तारा. काळ्या कागदावर तो फिकट राखी दिसतो. बोट लावलं तर पिठासारखं बोटाला आलं.

सासूबाईंना उठवून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "मी लेकरांच्या ताटात वाढणार होते गं." आणि बसून राहिल्या. मी म्हटलं, आत्या, तुम्हाला कुठं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. मूळ बघायचं असतंय हे माझ्या मायनं दाखवलं होतं. मी इसरले." चाळीस वर्षांत एकदाही हातात न आलेली गोष्ट, विसरणारच की माणूस.

टोपलं खड्ड्यात पुरलं. रिंगणातल्या राहिलेल्याही मोडून पुरल्या, कारण शेजारच्या वस्तीवरची लेकरं तिथंच शेळ्या चारतात. ठसा शाळेत नेणार आहे. मी चौथीला शिकवते.

सात्यांची_वाट | सोमवार, सकाळी ७.३०

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या विसरल्या नव्हत्या. मूळ बघायचं असतं हे चाळीस वर्षांनी त्यांनीच सांगितलं की. त्यांना त्या पलीकडच्या वारुळाकडं न्या एकदा. वारूळ जिवंत आहे का बघा. ओल्या मातीची ताजी भर दिसली तर जिवंत. पुढच्या मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवस रोज पहाटे चक्कर मारा. उन्हं चढली की सात्या उमलून सपाट होतात, किडे पडतात, दुपारपर्यंत चव जाते.

मिळाल्याच तर पहिल्यांदा दोन घास खा, पोटभर नको. कच्ची कधीच नाही. एक अख्खी मुळासकट कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. कालवणाला फार काही लागत नाही. मुळावरची माती खरवडायची, हातानं उभ्या चिरायच्या, कांदा, थोडं काळं तिखट, शेवटी कूट. पाणी घालू नका, त्यांचंच सुटतं.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८.१५

तो ठसा शाळेत नेताय हे वाचून फार बरं वाटलं. लेकरं घरी जाऊन सांगतात.

बरडमाळ | नागपंचमी, सकाळी ११.४०

धागा वर आणते.

आज वारूळ पुजायला आम्ही दोघी बांधापलीकडं गेलो. परवा रात्री पाऊस झाला होता. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, लाह्या-दूध ठेवलं आणि तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी बोटानं दाखवलं. वारुळाच्या उगवतीच्या अंगाला भेग पडलीय, आणि भेगेतून सात-आठ कोंब वर आलेत, करडे, टोकदार, बोराटीच्या काट्यासारखं टोक. अजून उमललेले नाहीत.

आज काही चिरायचं नाही, खणायचं नाही, त्यामुळं हात लावला नाही. सासूबाईंनी शेजारी दगड ठेवून खूण केली. उद्या पहाटे साडेपाचला जायचं ठरलंय. खुरपं, शिप्तर, पांढरा कागद, काळा कागद, वाटी, सगळं ओसरीवर काढून ठेवलंय. मूळ कुठवर जातं त्याचा फोटो आधी इथं टाकते. वाट भाऊ, धिंगरीदादा, उद्या सकाळी जागे राहा.